आमच्या पावसाळी रात्रींसाठी ड्रोन द्या : सार्वजनिक आरोग्य विभागास खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान सचिव,
सार्वजनिक आरोग्य विभाग, महाराष्ट्र शासन,
मंत्रालय, मुंबई.

विषय : डोंगरी भागातल्या रुग्णालयांना रक्त पोहोचवण्यासाठी ड्रोनची कायमस्वरूपी सेवा सुरू करण्याबाबत.

महोदय/महोदया,

मी अधिपरिचारिका म्हणून ३१ वर्षं सरकारी नोकरी केली. त्यातली बहुतेक वर्षं जव्हार, मोखाडा, विक्रमगड या पट्ट्यात गेली. मी रुजू झाले तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा जिल्हा झाला. आता मी निवृत्त आहे, पण गाव सोडलेलं नाही. कुणाच्या तरी सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या म्हणून रात्री-अपरात्री दारावर थाप पडतेच.

हे पत्र ड्रोनबद्दल आहे. औषधं आणि रक्त घेऊन उडणाऱ्या यंत्रांचे फोटो वर्तमानपत्रात येतात. राज्यानेही आयआयटी मुंबईला सोबत घेऊन महाराष्ट्र ड्रोन मिशन आखलं आहे. मला ते यंत्र आमच्या भागात हवं आहे, अगदी मनापासून हवं आहे. पण ते कशासाठी, कुठे आणि कोणत्या वेळी उडायला हवं हे ठरवताना, वॉर्डात रात्रपाळी केलेल्या माणसांना कुणी विचारल्याचं मला आजवर दिसलेलं नाही. म्हणून जाहीरपणे लिहिते आहे.

आधी एक रात्र सांगते. जुलै २०१२. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही, कारण त्या रात्री ड्युटीवर असलेल्यांपैकी कुणीही कामात कसूर केली नव्हती. पाऊस तीन दिवस खळलेला नव्हता. २३ वर्षांची बाई, दुसरं बाळंतपण. पाड्यावरून रस्त्यापर्यंत डोलीतून आणि तिथून पुढे जीपमधून आणलेली. कार्डावर हिमोग्लोबिन ७ लिहिलेलं. आवणीचे दिवस, आठ दिवसांपूर्वीपर्यंत ती खाचरात वाकून भात लावत होती. रात्री १ वाजून १० मिनिटांनी मुलगी झाली, खणखणीत रडली. वार पडली. आणि मग रक्त थांबेना.

ऑक्सिटोसिन लावलं, मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या दिल्या, ओटीपोट चोळत राहिलो, दोन्ही हातांना सलाईन लावलं. डॉक्टर वयाने लहान होते, पण डगमगले नाहीत. ज्या बाईच्या अंगात मुळातच रक्त कमी, तिचं अर्धा लिटर गेलं तरी ती कडेलोटावर येते. सलाईनने नाडी थोडा वेळ भरते, पण रक्ताचं काम सलाईन करू शकत नाही. तिला बी पॉझिटिव्हच्या दोन पिशव्या हव्या होत्या आणि त्या तेव्हाच हव्या होत्या.

आमच्याकडे रक्त साठवण केंद्रासाठी फ्रीज आलेला होता. अन्न व औषध प्रशासनाच्या मान्यतेचे कागद आलेले नव्हते, त्यामुळे त्यात आम्ही इंजेक्शनं ठेवायचो. एकुलती एक रुग्णवाहिका संध्याकाळीच दुसऱ्या पेशंटला घेऊन नाशिकला गेलेली. मग तिच्या नवऱ्याच्या हातात रक्ताच्या नमुन्याची बाटली आणि मागणीपत्र दिलं, एका जीपवाल्याला झोपेतून उठवलं, आणि तो निघाला. आमच्या भागातून नाशिक गावागणिक ६० ते ८० किलोमीटर. मध्ये तोरंगण घाट. घाटात झाड आडवं पडलेलं. ते बाजूला करायला चार माणसं जमेपर्यंत वेळ गेला. रक्तपेढीत नमुना जुळवायला, म्हणजे क्रॉस मॅचला, पाऊण तास गेला. परतीला पुन्हा तोच घाट, तोच पाऊस.

ती पहाटे साडेपाचला गेली. नवरा सव्वानऊला आला. थर्माकोलचा डबा त्याने सगळा वेळ मांडीवर धरला होता, वर सुतळी बांधलेली. मी डबा त्याच्या हातून घेतला आणि उघडला. बर्फ वितळून पिशव्या ओल्या झाल्या होत्या, आणि लेबलावर निळ्या शाईत लिहिलेलं तिचं नाव एका बाजूने ओघळलं होतं. तो म्हणाला, "सिस्टर, ह्या आता कोणाला द्यायच्या?"

मला उत्तर देता आलं नाही. एकदा बाहेर पडलेली आणि इतका प्रवास झालेली पिशवी रक्तपेढी परत घेत नाही. तिच्या नमुन्याशी जुळवलेलं ते रक्त ठेवायची आमच्याकडे रीतसर जागाही नव्हती. दोन अनोळखी माणसांनी दिलेलं रक्त त्या दिवशी वाया गेलं. ती मुलगी आजीने वाढवली.

त्या रात्रीचे आठ तास मी नंतर कितीदा तरी मोजले आहेत. गाडी शोधण्यात किती, रस्त्यात किती, झाडापाशी किती, रक्तपेढीच्या बाकावर किती. हा हिशेब मी आपल्यासमोर ठेवते आहे, कारण ड्रोन आला की यातला नेमका कोणता वेळ वाचतो आणि कोणता वाचत नाही, यावरच सगळी योजना उभी राहील किंवा पडेल.

पुढे परिस्थिती सुधारली, तेही लिहायला हवं. २०१४ मध्ये १०८ ची रुग्णवाहिका सेवा आली आणि कितीतरी बाया-पोरं वाचलेली मी डोळ्यांनी पाहिली. त्याच वर्षी जानेवारीत १०४ क्रमांकावर फोन केला की मोटारसायकलवरून शीतपेटीत रक्त आणून देणारी जीवन अमृत सेवा शासनाने सुरू केली. कल्पना उत्तम होती. पेशंटच्या नातेवाइकाने रात्री वणवण करायची नाही, रक्त आपणहून रुग्णालयात येईल. पण तिचं वर्तुळ होतं ४० किलोमीटरचं. नाशिकच्या रक्तपेढीभोवती ४० किलोमीटरचं वर्तुळ काढून बघा, जव्हार त्याच्या बाहेर राहतं. घाटातून मोटारसायकल तासाभरात जितकी जाईल तितकाच तिचा पल्ला, त्यात त्या योजनेचा दोष नव्हता. आज मी मागते आहे ती ह्याच योजनेची पुढची पायरी आहे.

डोंगराळ मुलखात हे करून दाखवलेला देश आहे रवांडा. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथल्या सरकारने झिपलाइन या कंपनीला सोबत घेऊन मुहांगा इथून रक्त पाठवायला सुरुवात केली. रवांडाला हजार टेकड्यांचा देश म्हणतात, तेव्हा रस्ते कसे असतील ते आम्हाला वेगळं सांगायला नको. त्यांचं ड्रोन म्हणजे पंख असलेलं छोटं विमान. गलोलीसारख्या यंत्रातून ते सुटतं, ताशी साधारण १०० किलोमीटरने जातं, रुग्णालयाच्या आवारावर आलं की कागदी पॅराशूट बांधलेला खोका खाली सोडतं आणि न उतरता परत फिरतं. परतल्यावर शेपटीच्या आकड्याने दोरीला अडकतं. एका खेपेला पावणेदोन किलोच्या आसपास वजन नेतं. रक्ताची पिशवी ३५० मिलिलिटरची असते, म्हणजे दोन-तीन पिशव्या सहज जातात. माझ्या त्या बाईला दोनच हव्या होत्या.

या सेवेचा अभ्यास २०२२ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. रस्त्याने लागणाऱ्या वेळापेक्षा रक्त सरासरी ७९ ते ९८ मिनिटं लवकर पोहोचत होतं. पण त्या अभ्यासातला मला सगळ्यात मोलाचा वाटलेला आकडा दुसराच आहे. मुदत संपून वाया जाणारं रक्त वर्षभरानंतर ६७ टक्क्यांनी कमी झालं होतं. हे का झालं असेल ते रक्त साठवण केंद्र सांभाळलेल्या कुणालाही कळेल. लाल पेशींची पिशवी २ ते ६ अंशांत ठेवली तरी पाच-सहा आठवडेच टिकते. लहान रुग्णालयाने प्रत्येक गटाच्या चार-चार पिशव्या ठेवल्या तर निम्म्या फेकाव्या लागतात, आणि ठेवल्या नाहीत तर ऐन वेळी हात चोळत बसावं लागतं. निगेटिव्ह गटांचं तर विचारूच नका. अर्ध्या तासात पिशवी येण्याची खात्री असेल, तर साठा एका मोठ्या जागी राहतो, तिथून फिरता राहतो आणि कमी वाया जातो. गावोगावच्या शिबिरांत रक्त देणाऱ्यांचं ते रक्त आहे. ते फेकताना किती जड जातं ते मी जाणते.

आपल्या देशातही कमी प्रयत्न झालेले नाहीत. सप्टेंबर २०२१ मध्ये तेलंगणाच्या विकाराबादमध्ये औषधं उडाली. ४ ऑक्टोबर २०२१ ला आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, मणिपूरमध्ये बिष्णुपूरच्या जिल्हा रुग्णालयातून लोकटक सरोवरातल्या करांग बेटावर लस पाठवली. रस्त्याने २६ किलोमीटर असलेलं अंतर हवेतून १५ किलोमीटरचं झालं आणि १२ ते १५ मिनिटांत पार पडलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये ऋषिकेशच्या एम्समधून टिहरीच्या जिल्हा रुग्णालयात क्षयरोगाची औषधं गेली. १० मे २०२३ ला ग्रेटर नोएडात रक्ताच्या पिशव्या उडवून पाहिल्या आणि त्याच वेळी रुग्णवाहिकेतूनही रक्त पाठवलं, म्हणजे हवेतून आलेल्या रक्तात काही बिघाड होतो का हे दोन्ही ताडून बघता यावं. ती चाचणी फार शहाणपणाची होती. आणि आमचं जव्हारही या यादीत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप गावाला कोविड लसीचे ३०० डोस ड्रोनने गेले. सुमारे २० किलोमीटर, नऊ मिनिटांपेक्षा थोडा जास्त वेळ. गाडीने तेवढ्यालाच ४० मिनिटं लागतात.

त्या बातमीने मला इतका आनंद झाला होता की कात्रण कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं. ते आजही तिथे आहे. मात्र रोज उठून वापरता येईल अशी सेवा त्यानंतर माझ्या भागात मला दिसलेली नाही.

आता या सगळ्या उड्डाणांच्या तारखा पुन्हा एकदा वाचा. सप्टेंबर, ऑक्टोबर, डिसेंबर, फेब्रुवारी, मे. आषाढातली एकही नाही. आणि समारंभ म्हटला की तो दिवसाउजेडीच होणार. आमच्याकडे माणसं दगावतात ती जुलै-ऑगस्टमध्ये, रात्री. त्या दिवसांत जव्हारच्या पठारावर असं धुकं उतरतं की दहा पावलांवरचं दिव्याचं खांब दिसत नाही. वारा दरीतून वर चढतो आणि छत्री उलटी करून टाकतो. चार पात्यांचं हलकं यंत्र अशा हवेत टिकणार नसेल, तर तसं आत्ताच कळू द्या. टिकणारं यंत्र शोधा. निविदेत ही अट सगळ्यात वर लिहा : जुलै महिन्यात, रात्री, पाऊस पडत असताना, दोन पिशव्यांचं वजन घेऊन, ठरलेल्या रुग्णालयात. पाऊस ज्या रात्री फारच असेल त्या रात्री उड्डाण होणार नाही, हे मी समजू शकते. १०० पैकी किती रात्री होईल, हा आकडा आधी हातात यावा. ज्या रात्री होणार नाही त्या रात्री सिस्टरने काय करायचं, तेही कागदावर ठरलेलं असावं. दुपारी चारलाच "आज उड्डाण नाही" असा निरोप आला, तर ज्या बाईचं हिमोग्लोबिन ७ आहे तिला आम्ही उजेड असतानाच पुढे हलवू.

आता त्या आठ तासांच्या हिशेबाकडे येते.

समजा २०१२ च्या त्या रात्री ड्रोन असता. नाशिकहून रक्त तासाभरात आमच्या अंगणात पडलं असतं. आणि मग? जे विमान खाली उतरतच नाही ते पेशंटच्या रक्ताचा नमुना रक्तपेढीत घेऊन जाऊ शकत नाही. म्हणजे आलेलं रक्त तिच्या रक्ताशी जुळतं का, हे आमच्याच रुग्णालयात तपासावं लागणार. त्यासाठी रात्री दोन वाजता लॅब टेक्निशियन हवा, सेंट्रिफ्यूज चालू हवं, तपासणीचे अभिकर्मक मुदतीतले हवेत, वीज हवी. त्या रात्री आमच्याकडे यातलं काहीही नव्हतं. टेक्निशियनचं पद एकच, आणि तो दिवसपाळीला यायचा. उतरणारं ड्रोन आणलं तर ते नमुना घेऊन जाईल खरं, पण मग जाणं, जुळवणं आणि परत येणं, असे तीन टप्पे होतात. त्यातही रस्त्यापेक्षा वेळ वाचेल. पण सगळ्यात जास्त वेळ वाचेल तो रक्त साठवण केंद्र खरोखर चालू असेल तेव्हा. नेहमीच्या गटांच्या थोड्या पिशव्या तिथे आधीच असतील, जुळवणारं माणूस तिथे असेल, आणि ड्रोन तो साठा सतत भरत राहील. पहिली पिशवी फ्रीजमधून निघून बाईला लागलेली असेल आणि तोवर दुसरी-तिसरी वाटेत असेल.

म्हणून माझी पहिली मागणी ड्रोनची नाहीच. ज्या ज्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात रात्री बाळंतपणं होतात तिथे रक्त साठवण केंद्राला मान्यता, २४ तास टेक्निशियन आणि चालू फ्रीज द्या. त्याच्यासोबत ड्रोन द्या. हे एकाच आदेशात व्हावं, कारण यंत्र आधी आणि माणूस मागाहून असं ठरलं की माणसाची फाइल मागेच राहते. मी त्या फ्रीजमध्ये इंजेक्शनं ठेवलेली आहेत, मला हे ठाऊक आहे.

सर्पदंशाबद्दल स्वतंत्रपणे लिहायला हवं. ड्रोनचा विषय निघाला की साप चावलेल्या माणसाला ड्रोनने लस पोहोचवू, असं लगेच म्हटलं जातं. आमच्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं चारही आहेत. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. बहुतेकदा चावल्याचं कळतही नाही, पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, घोट गिळता येत नाही. अशा माणसाला ॲंटी स्नेक व्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरची हीच लस, पहिल्या दाराशीच मिळालं पाहिजे. आणि त्याला ड्रोनची गरज नाही, कारण त्याची पावडर असते, ती फ्रीजशिवायही टिकते, सलाईनच्या बाटल्यांशेजारच्या कपाटात राहू शकते. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात ती असलीच पाहिजे, आणि रिॲक्शनच्या भीतीने हात आखडता न घेता ती देणारा, ॲड्रिनॅलिन शेजारी भरून ठेवणारा डॉक्टरही असलाच पाहिजे. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसं मरतात असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. केंद्राने मार्च २०२४ मध्ये कृती आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. "ड्रोन येणार आहे" या भरवशावर एकाही केंद्राचं कपाट रिकामं राहता कामा नये.

ड्रोनचा खरा उपयोग दुसऱ्या हप्त्याला आहे. पहिल्यांदा १० व्हायल लागतात. घोणस किंवा फुरसं चावलेल्या माणसाचं रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं ठेवून ते गोठतं का ते बघतात. सहा तासांनी पुन्हा बघितलं आणि गोठलं नाही, तर आणखी १० व्हायल. लहान केंद्राचा साठा तिथे संपतो. अशा वेळी जिल्ह्याच्या भांडारातून २० मिनिटांत दहा व्हायल आल्या, तर पेशंटला त्या अवस्थेत घाटातून पळवावं लागणार नाही.

शहरांसाठी लोक वेगळं मागतील, हृदय बंद पडल्यावर शॉक देणारं यंत्र. स्वीडनमध्ये ते चालू आहे. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रोलहेटन इथे दारातला बर्फ उपसताना कोसळलेल्या ७१ वर्षांच्या गृहस्थांपाशी ड्रोनने असं यंत्र तीन मिनिटांत पोहोचवलं आणि ते वाचले. मला त्याचं कौतुक आहे. मुंबई-पुण्यात तेही व्हावं. पण पैसा आणि मनुष्यबळ मोजकंच असेल, तर सुरुवात जिथे दुसरा रस्ता नाही तिथून करा. माझी एक मैत्रीण गडचिरोलीत भामरागडच्या बाजूला आरोग्य सेविका होती. पर्लकोटेला पूर आला की पूल पाण्याखाली जातो आणि भामरागड जगापासून तुटतं. ती म्हणायची, पावसाळ्याआधी आम्ही तांदूळ भरतो तशी औषधं भरून ठेवतो. रक्त तसं भरून ठेवता येत नाही. आमच्या जव्हार-मोखाड्यासोबत दुसरं केंद्र तिथे करा.

आकाशाच्या परवानगीचा प्रश्न आपल्याच पातळीवर सुटणार आहे, म्हणून तोही लिहिते. २०२१ च्या ड्रोन नियमांत हिरवा, पिवळा आणि लाल असे विभाग आहेत. हिरव्या विभागात ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही, लाल विभागात केंद्र सरकारची लागते. शिवाय चालवणाऱ्याच्या नजरेपलीकडे ड्रोन पाठवायचा तर त्याची मंजुरी निराळी. आमचं रक्त येतं नाशिकहून. आणि नाशिकभोवती ओझरचा विमानतळ, गांधीनगरचं लष्करी हवाई प्रशिक्षण केंद्र, देवळालीचं तोफखाना केंद्र. तिथून प्रत्येक वेळी परवानगी मागून उडायचं म्हटलं तर घाटातली जीप आधी पोहोचेल. एकतर नाशिक-मोखाडा हा कायमचा आरोग्य मार्ग म्हणून संरक्षण आणि नागरी विमान वाहतूक खात्यांकडून एकदाच मंजूर करून घ्या, नाहीतर साठ्याचं मोठं केंद्र जव्हारलाच करा आणि तिथून आजूबाजूच्या रुग्णालयांना पाठवा. मला दुसरा मार्ग बरा वाटतो. जव्हारहून सगळ्या दिशा जवळ आहेत, आणि रक्त घाटाच्या अलीकडेच असेल.

चालवणारी माणसं इथलीच घ्या. नियमाप्रमाणे ड्रोन चालवण्याच्या प्रमाणपत्राला दहावी पास आणि वय १८ ते ६५ एवढंच लागतं. आमच्या पाड्यांवर बारावी झालेल्या, नर्सिंगचा कोर्स अर्धवट सोडावा लागलेल्या कितीतरी मुली आहेत. शेतात फवारणी करण्यासाठी ड्रोन दीदी तयार होतात, तर रक्त पोहोचवण्यासाठीही होतील. त्यांना इथला वारा कळतो. कोणत्या दरीत दुपारनंतर ढग भरतो, कोणत्या माळावर वीज पडते, हे त्यांना नकाशा न बघता सांगता येतं. आणि त्या बदली मागून शहरात जाणार नाहीत.

आणखी एक मागणी, आणि ती मी आग्रहाने करते. प्रत्येक उड्डाणाची नोंद लोकांसाठी खुली ठेवा. मागणीचा फोन किती वाजता आला, यंत्र किती वाजता सुटलं, पिशवी सिस्टरच्या हातात किती वाजता पडली, पेशंटला लागली किती वाजता. खोक्यातलं तापमान किती होतं. पिशवी वापरली की वाया गेली. उड्डाण रद्द झालं तर का. एका उड्डाणाला खर्च किती आला. पेशंटचं नाव कुठेही नको. यातली शेवटच्या सुईची वेळ सगळ्यात महत्त्वाची. कंपनी पिशवी अंगणात पडल्याची वेळ देईल, आपण ती बाईच्या शिरेत गेल्याची वेळ मागा. झापच्या उड्डाणाचा अहवाल विभागाकडे असेल, तोही प्रसिद्ध करा. त्यात जे चुकलं असेल ते आधी वाचायला मिळालं तर आमचा वेळ वाचेल.

हे सगळं पुढच्या अर्थसंकल्पात बसेल की त्याच्या पुढच्या, ते आपण ठरवाल. मला फक्त एवढं ठाऊक आहे की यंदाही मृग लागला की खाचरं भरतील, दिवस भरत आलेल्या बाया आवणीला जातील आणि त्यांच्या कार्डांवर सात, साडेसात, आठ असे आकडे असतील.

जेव्हा पाहणीला माणसं पाठवाल तेव्हा मला निरोप द्या, मी येईन. त्या रुग्णालयाच्या मागच्या अंगणात, लेबर रूमच्या दारापासून २० पावलांवर, फरशी घातलेली मोकळी जागा आहे. वरून विजेची तार जात नाही, आणि झाडंही बाजूला आहेत. खोका तिथे पडला तर सिस्टरला पेशंटपासून एक मिनिटही लांब राहावं लागणार नाही. फक्त तिथे चादरी वाळत घालायच्या दोऱ्या बांधलेल्या आहेत, पावसात त्या व्हरांड्यात घ्यायला सांगावं लागेल. आणि दारावरचा दिवा गेलेला असतो, तो लावून घ्या.

आपली नम्र,
एक निवृत्त अधिपरिचारिका,
जव्हार-मोखाडा परिसर, जि. पालघर